ऑफ-रोड गाडीसाठी घरी बनवलेली लोखंडी संरक्षक साधने: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा आणि जुन्या जीपगाड्यांचे मालक स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालची संरक्षक प्लेट), रॉक स्लायडर (दरवाजाखालचा संरक्षक पाइप) व तत्सम साधने स्वतः बनवण्याविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी: चर्चा सगळी पत्र्याच्या जाडीवर होते, पण घरगुती साधन निकामी होते ते बहुधा पत्र्यात नव्हे, तर पत्रा आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) यांच्या जोडात.

१. सर्वांत आधी कोणते साधन बनवावे? पैसे एकाच वस्तूपुरते आहेत.

इंजिनच्या चेंबरखालची, म्हणजे तळाशी तेल साठवणाऱ्या भागाखालची प्लेट. चेंबर फुटला की तेल काही क्षणांत वाहून जाते आणि इंजिन तिथेच बंद करावे लागते; दरवाजाखालची पट्टी चेपली तर गाडी निदान घरी तरी येते. त्यानंतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी) व गिअरबॉक्सखालची प्लेट, मग इंधनटाकीची, आणि मग रॉक स्लायडर, असा क्रम बहुतेक गाड्यांना लागू पडतो. समोरचा बुल बार (बंपरपुढचा लोखंडी पाइपांचा बार) या क्रमात मुद्दामच घेतलेला नाही; त्याचे कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

२. कंपनीने खाली एक प्लेट दिलेलीच आहे. ती पुरत नाही का?

गाडीखाली वाकून बोटाने वाजवून पाहावे. पुष्कळ गाड्यांत तिथे प्लास्टिकचे आवरण असते आणि ते फक्त चिखल व खडी अडवण्यासाठी असते. काही गाड्यांत पातळ पत्रा असतो. तो उडालेला दगड झेलतो, पण गाडीचा भार दगडावर टेकला की वर वाकून थेट चेंबरला लागतो. केवळ पांदण रस्ते आणि शेतातली वाट एवढाच वापर असेल तर कंपनीची प्लेट पुरेशी आहे आणि नवी बनवण्याचे काही कारण नाही.

३. ‘घरी बनवणे’ म्हणजे सगळेच काम घरी करायचे का? माझ्याकडे ग्राइंडर आणि ड्रिलखेरीज काही नाही.

सगळे काम घरी करण्याचा हट्ट धरू नये. माप घेणे, नमुना बनवणे, बसवून पाहणे आणि रंगवणे ही कामे घरी उत्तम होतात, कारण त्यांना वेळ लागतो आणि कोणताही कारागीर तुमच्या गाडीखाली तेवढा वेळ झोपणार नाही. कापणे आणि वाकवणे ही कामे मात्र हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत लेझर कटिंग आणि प्रेस ब्रेक (पत्रा वाकवण्याचे यंत्र) असलेल्या जॉबवर्कच्या गाळ्यात करून घ्यावीत. लोखंड इतवारीत किलोच्या भावाने मिळते. आठ बाय चार फुटांचा पूर्ण पत्रा घेण्याऐवजी उरलेला तुकडा मागितला तर बहुधा मिळतो, फक्त त्याची जाडी व्हर्निअरने मोजून घ्यावी.

४. पत्रा किती जाड असावा? कोणी ३ सांगतो, कोणी थेट ६ मि.मी.

सपाट पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र जाडीच्याच प्रमाणात वाढते. म्हणून ३ ऐवजी ४ मि.मी. घेतल्यास ताठपणा सुमारे २.४ पट होतो आणि वजन एक तृतीयांशाने वाढते. साध्या पोलादाचा १ मि.मी. जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. त्या हिशेबाने ९०० बाय ७०० मि.मी.ची प्लेट ३ मि.मी.ला सुमारे १५, ४ मि.मी.ला २० आणि ६ मि.मी.ला ३० किलोची होते. हे वजन बहुतांशी पुढच्या स्प्रिंगांवर येते.

माझा कल ४ मि.मी.कडे आहे, परंतु ती निव्वळ सपाट नसावी. दोन्ही बाजूंच्या कडा २५ ते ३० मि.मी. वर वळवल्या आणि मध्ये लांबीच्या दिशेने एक-दोन घड्या दिल्या, तर ती सपाट ६ मि.मी.च्या प्लेटला सहज मागे टाकते. पत्रा आयएस २०६२ प्रमाणातला ई-२५० दर्जाचा मागावा. हाच सर्वत्र मिळणारा बांधकामाचा साधा पोलाद आहे. जिम्नी किंवा जिप्सीसारख्या हलक्या गाडीला घड्या असलेली ३ मि.मी.ची प्लेटही चालते.

५. ॲल्युमिनियम हलके असते. मग लोखंड कशाला?

ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणून जाडी वाढवावी लागते. ६ मि.मी.चे ॲल्युमिनियम ४ मि.मी.च्या पोलादाइतके किंवा किंचित अधिक ताठ असते आणि वजन जवळपास निम्मे भरते. एवढ्यावर ते जिंकल्यासारखे वाटते, पण दगडावरून घासत जाताना ॲल्युमिनियम मऊ असल्याने दगडाला चिकटल्यासारखे अडते आणि खरवडले जाते, तर पोलाद घसरून पुढे जाते. शिवाय त्याचे वेल्डिंग गल्लीतल्या रॉडच्या मशीनने होत नाही. घ्यायचेच असेल तर ५०५२ मिश्रधातू घ्यावा, कारण तो वाकवता येतो. ६०६१-टी६ लहान त्रिज्येत वाकवताना तडकतो. चासीला जिथे तो टेकतो तिथे रबर किंवा नायलॉनची वॉशर घालावी, नाहीतर दोन वेगळे धातू आणि ओला चिखल मिळून ॲल्युमिनियम खाऊन टाकतात.

६. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे भंगारात स्वस्त मिळतात. ते मजबूत असतात ना?

मजबूत असतात, पण या कामाला अयोग्य. पाट्याचे पोलाद जास्त कार्बनचे व उष्णतासंस्कार केलेले असते. साध्या रॉडने वेल्ड केल्यावर वेल्डशेजारचा भाग थंड होताना काचेसारखा ठिसूळ बनतो आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला वेल्डच्या कडेने तुटतो. भंगारातल्या ज्या धातूचा दर्जा ठाऊक नाही, तो भार घेणाऱ्या जागी वापरू नये. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप किंवा पत्रा वापरणार असाल तर प्रश्न ११ आधी वाचावा.

७. माप कसे घ्यावे? गाडीखाली सगळेच वाकडेतिकडे आहे.

पुठ्ठ्याने. गाडी सपाट जागी, भक्कम जॅक-स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चासीच्या मूळ भोकांना टेकवून भोके उमटवावीत, मग घड्यांच्या रेषा आखाव्यात आणि पुठ्ठाच वाकवून जागेवर बांधून पाहावा. चेंबर, गिअरबॉक्स आणि प्लेट यांच्यात किमान २० मि.मी. अंतर हवे, कारण इंजिन रबरी माउंटवर हलते आणि धक्क्याने प्लेटही थोडी वर येते. सायलेन्सरच्या पाइपापासून ३० मि.मी. ठेवावे. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आणि एक चाक उचलून सस्पेन्शन पूर्ण खाली सोडून पुन्हा एकदा तपासावे. पुठ्ठा जिथे घासतो तिथे प्लेटही घासणारच.

खाली किती जागा खर्च होते याचाही हिशेब ठेवावा. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मि.मी. आणि थारचा २२६ मि.मी. आहे. सर्वांत खालच्या बिंदूच्याही खाली २५ मि.मी. उतरणारी प्लेट जे वाचवायला लावली, तेच दगडाच्या अधिक जवळ नेऊन ठेवते.

८. प्रेस ब्रेक उपलब्ध नाही. घडी हाताने करता येईल का?

३ मि.मी.पर्यंत दोन जाड अँगलमध्ये पत्रा घट्ट पकडून घणाने करता येते, पण घडी गोलसर येते. त्याहून जाड पत्र्याला घडीच्या बाहेरच्या बाजूने ग्राइंडरने जाडीच्या अर्ध्याहून थोडी खोल खाच मारावी, पत्रा वाकवावा आणि उघडलेली खाच वेल्डने पूर्ण भरून सपाट घासावी. हे वेळखाऊ आहे आणि मोठ्या आचेने पत्रा पिळला जातो, म्हणून छोट्या टप्प्यांत, आलटूनपालटून टोकांकडून वेल्ड करावे.

९. प्लेट कशाला आणि कोणत्या बोल्टने बांधावी?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. प्लेट चासी किंवा चासीच्या क्रॉस मेंबरलाच (आडव्या तुळईला) बांधावी. इंजिन, गिअरबॉक्स किंवा त्यांच्या माउंटच्या ब्रॅकेटला कधीही बांधू नये. तसे केले तर दगडाचा धक्का थेट ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्सच्या कानांवर (बोल्ट बसतात त्या उंचवट्यांवर) जातो आणि प्लेट शाबूत राहून कान तुटतात.

बोल्ट ८.८ दर्जाचे घ्यावेत. डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो आणि ज्यावर काहीच कोरलेले नाही तो बोल्ट या कामाचा नाही. एम१० (१० मि.मी. व्यासाचे) बोल्ट पुरेसे होतात. कोरड्या आट्यांवर ते साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला, आणि एम८ असतील तर २५ च्या आसपास आवळावेत. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) वापरावेत आणि दर वेळी उघडल्यावर नवे घालावेत.

बोल्टचे डोके प्लेटच्या खाली उघडे राहिले तर पहिल्याच दगडावर ते घासून षटकोनाचे वर्तुळ होते आणि मग पाना लागत नाही. म्हणून भोकाभोवती ६ मि.मी. जाडीची कडी वेल्ड करून डोके तिच्या आत बुडवावे, किंवा प्लेटलाच तिथे वाटीसारखी खोलगट जागा द्यावी. एका टोकाची भोके लांबट ठेवावीत. एक मीटर पोलाद ३० अंश तापमानवाढीत सुमारे ०.३६ मि.मी. वाढते आणि ॲल्युमिनियम ०.७ मि.मी.; हे अंतर थोडे वाटले तरी घट्ट भोकातल्या बोल्टला ते जाणवते, आणि तुमच्या मापातली लहानसहान चूकही लांबट भोक सामावून घेते.

दोन प्लेटा एकामागे एक येत असतील तर पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या पुढच्या कडेखाली यावी. कवेलूच्या छपरावरून पाणी जसे कुठेही न अडता उतरते, तसा दगड पुढून मागे सरकत गेला पाहिजे.

१०. बोल्टची भोके मिळत नाहीत. चासीवरच वेल्ड केले तर?

सहसा करू नये. चासीच्या वरच्या व खालच्या बाजूंवर सर्वाधिक ताण असतो, आणि त्यांवर आडवे वेल्ड केले की त्याच रेषेत पुढे थकव्याची भेग पडते. ती लगेच दिसत नाही, हेच वाईट. भोक पाडणेच भाग असेल तर चासीच्या उभ्या भिंतीच्या मध्यभागी पाडावे, कडेजवळ किंवा वरच्या-खालच्या बाजूला नाही, आणि आतून जाणारी ब्रेकची व इंधनाची नळी आधी पाहून घ्यावी. चासी पेटीसारखी बंद असेल तर आरपार बोल्ट आवळताना तिच्या भिंती आत दबतात. म्हणून आत नेमक्या लांबीचा पाइपाचा तुकडा घालून त्यातून बोल्ट काढावा.

११. घरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन चालेल का? रॉड कोणता?

चालेल. ३ ते ४ मि.मी. पत्र्याला २.५ मि.मी.चा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर आणि जाड जोडांना ३.१५ मि.मी.चा ९० ते १३० अँपिअरवर वापरला जातो. ६०१३ रॉड शिकाऊ हातालाही जमतो. स्लायडरच्या पायांसारख्या धक्का खाणाऱ्या जोडांना ७०१८ अधिक चांगला, पण तो ओलावा धरतो. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ भट्टीत सुकवल्याशिवाय वापरण्यात अर्थ नाही. सीओटू मिग मशीन असलेला कारागीर मिळाला तर हा सगळा प्रश्नच उरत नाही.

हॉट रोल्ड पत्र्यावरची काळसर पपडी आणि गंज वेल्डच्या जागी घासून चकचकीत धातू उघडा करावा. जीआय असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर काढावा आणि मोकळ्या हवेत काम करावे; जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर तर कधीच वेल्ड करू नये, कारण आर्कच्या आचेत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

१२. ब्रॅकेट गाडीवरच ठेवून टाके (तात्पुरते धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारावे लागतात. गाडीच्या कॉम्प्युटरचे काय?

बॅटरीची ऋण वायर काढावी, काही मिनिटे थांबावे आणि मगच सुरुवात करावी. एअरबॅगसाठीही हीच काळजी लागू आहे. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे प्रवाह बेअरिंग आणि सेन्सरमधून वाट काढत नाही. इंधनटाकी आणि नळ्यांजवळ टाकेही मारू नयेत. जागेवर फक्त टाके, पूर्ण वेल्ड मात्र ब्रॅकेट उतरवून टेबलावर, हा नियम पाळला तर निम्मे धोके टळतात. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी असावे.

१३. काळ्या मातीतून गेल्यावर प्लेटवर चिखलाचा ढीग साचतो. भोके पाडावीत का?

पाडावीतच. अर्धा चौरस मीटर प्लेटवर तीन सेंटिमीटर ओली माती साचली तर पंचवीस किलोहून अधिक वजन विनाकारण वाहिले जाते. शिवाय आपली काळी माती वाळली की विटेसारखी घट्ट होते, फॅन बेल्टपर्यंत उडते आणि गंजाला ओल पुरवते. भोके ३० ते ४० मि.मी.ची, सखल जागी आणि मागच्या कडेजवळ असावीत. पुढच्या उतरत्या भागावर मोठी भोके नकोत, कारण दगडाचे टोक त्यांत अडकते. लांबट भोके गाडीच्या लांबीच्या दिशेत ठेवावीत, आडवी नव्हे.

याहून गंभीर बाब उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सागाची वाळलेली पाने आणि गवत प्लेट व सायलेन्सरच्या मध्ये अडकतात. डिझेल गाडीच्या पार्टिक्युलेट फिल्टरमधली काजळी जळत असताना तो भाग अतिशय तापतो आणि पेट घेण्यास एवढे पुरते. म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि पार्टिक्युलेट फिल्टरच्या खाली बंद प्लेट लावूच नये. तिथे दोन-तीन लांब पट्ट्यांची मोकळी जाळी करावी. गवताळ वाटेवरून आल्यावर गाडी सावलीतल्या पाचोळ्यावर उभी न करता मोकळ्या मातीवर उभी करावी आणि खाली एकदा वाकून पाहावे. गिअरबॉक्सखालची प्लेटही बाजूंनी उघडी ठेवावी, कारण त्याला थंड करणारी हवा तिथूनच जाते.

१४. ऑइल बदलताना दर वेळी प्लेट उतरवावी लागेल का?

ड्रेन बोल्टच्या नेमके खाली ६० ते ७० मि.मी.चे भोक ठेवल्यास नाही. तेल सरळ खाली न पडता थोडे पुढे उडते, म्हणून भोक बोल्टच्या रोखाने सरकवावे. फिल्टर वरून निघत नसेल तर त्यालाही वेगळे भोक लागेल. तरीही वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, प्लेट पूर्ण उतरवून धुवावी.

१५. समोर बुल बार बनवायचा आहे. सगळे लावतात, मग अडचण काय?

दोन अडचणी आहेत, एक कायद्याची आणि एक सुरक्षिततेची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार बसवणे हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी एमएच-३१ असो, एमएच-४० असो की एमएच-४९, नियम एकच.

दुसरी अडचण अशी की आजच्या गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळण्यासाठी बनवलेला असतो. धडकेची ऊर्जा तिथे खर्च होते आणि चुरगळण्याच्या वेगावरून एअरबॅग केव्हा उघडायची हे सेन्सर ठरवतो. चासीला पक्का जखडलेला बार ही ऊर्जा थेट आतल्या माणसांकडे पाठवतो आणि सेन्सरची गणिते बिघडवतो. पायी चालणाऱ्याला तर बॉनेट आणि प्लास्टिकचा बंपर जेवढी दया दाखवतात, तेवढी लोखंडी पाइप दाखवत नाही. माझ्या मते संरक्षण गाडीच्या खाली असावे, समोर नाही.

१६. माझ्या जुन्या जिप्सीला एअरबॅगच नाही. मग बुल बारला हरकत नसावी?

सेन्सरचा मुद्दा गळतो, बाकीचे मुद्दे तसेच राहतात. कलम ५२ गाडीच्या वयाचा विचार करत नाही आणि पादचाऱ्याला लागणारा मार तोच असतो. रेडिएटर वाचवण्याची काळजी असेल तर मूळ जाळीच्या मागे, बाहेर न डोकावणारी बारीक तारेची जाळी बसवावी. रानातल्या गवताचे बी आणि किडेही तिने अडतात. फक्त जाळी फार बारीक घेतल्यास मे महिन्यात इंजिन तापते.

१७. स्किड प्लेट आणि स्लायडर तरी कायदेशीर आहेत का? विमा नाकारला जाईल का?

२०१७ च्या पत्राचा रोख समोरच्या क्रॅश गार्ड व बुल बारवर होता. तथापि कलम ५२ चे तत्त्व व्यापक आहे: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीची रुंदी किंवा लांबी वाढवणारे काहीही त्यात येते. म्हणून स्लायडर वरून पाहिल्यास बॉडीच्या बाहेर येऊ नये आणि प्लेट बोल्टने काढता येण्याजोगी असावी. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होतो. गाडी वॉरंटीत असल्यास सर्व्हिस सेंटरलाही आधी विचारावे.

१८. रॉक स्लायडर आणि पायरी यांत फरक काय? पायरीलाच जाड पाइप लावला तर?

पायरी माणसाचा भार घेते, स्लायडर गाडीचा. सुमारे १,२०० किलोची जिम्नी एका बाजूने स्लायडरवर टेकली तर जवळपास ६०० किलो तिथे येतात, आणि आपटत टेकली तर त्याहून कितीतरी अधिक. पायरीचे पातळ ब्रॅकेट तिथे वाकून दरवाजात शिरतात, म्हणून जाड पाइप लावून काही साधत नाही.

मुख्य पाइप ४८.३ मि.मी. बाह्य व्यासाचा आणि ४ मि.मी. भिंतीचा घ्यावा. दुकानात हाच ‘दीड इंची हेवी’ म्हणून मिळतो, कारण पाइपाचे नाव बाहेरच्या व्यासावरून नव्हे तर नॉमिनल बोअरवरून (आतल्या नाममात्र व्यासावरून) पडते; दीड इंच म्हणजे ३८ मि.मी. धरून ब्रॅकेट कापणाऱ्यांची फसगत होते. प्रत्येक बाजूला किमान तीन पाय असावेत, आणि प्रत्येक पाय सुमारे १५० बाय १०० मि.मी.च्या ६ मि.मी. प्लेटवर वेल्ड करून ती प्लेट चासीच्या उभ्या भिंतीला बोल्टने बांधावी (प्रश्न १०). पायाच्या मुळाशी त्रिकोणी आधारपट्टी द्यावी. पाइपाचे टोक समोरच्या पाइपाच्या गोलाईवर बसेल असे कोरून घ्यावे. मोठी फट वेल्डने भरलेला जोड वरून छान दिसतो आणि आतून पोकळ असतो. बॉडी आणि स्लायडर यांत २० मि.मी. अंतर ठेवावे, कारण बॉडी रबरावर हलते. टोके बंद करावीत, पण खालून एक छोटे भोक पाणी निघायला असू द्यावे.

१९. माझी गाडी मोनोकॉक आहे, वेगळी चासी नाही. स्लायडर लावता येईल का?

वरच्या पद्धतीने नाही. अशा गाडीत दरवाजाखालची पत्र्याची पेटीच भार वाहते, आणि तिला चार बोल्टने पकडलेला स्लायडर भार पसरवण्याऐवजी चार ठिकाणी पत्रा फाडतो. इंजिनखालची प्लेट मात्र पुढच्या सबफ्रेमला बांधता येते. बहुतेकांनी तेवढ्यावर थांबावे.

२०. मागच्या डिफरन्शियलला गार्ड वेल्ड केले तर चालेल?

ॲक्सलच्या नळीवर एका बाजूने मोठे वेल्ड केले की ती थंड होताना किंचित वाकते, आणि तेवढे वाकणे ॲक्सल शाफ्ट व ऑइल सील खायला पुरेसे असते. गार्ड यू-बोल्टने किंवा डिफच्या झाकणाच्या थोड्या लांब बोल्टांवर बसवावे. पुढची कड उतरती असावी आणि तेल तपासण्याचा प्लग मोकळा राहावा.

२१. त्याच लोखंडातून टो हुकही बनवून घेऊ का?

नाही. चिखलात रुतलेली गाडी झटका देऊन ओढताना बसणारा ताण तिच्या वजनाच्या कितीतरी पट होऊ शकतो, आणि तुटलेला हुक काच फोडून आत येतो. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवल्याने माणसे दगावलेली आहेत. कंपनीचा मूळ हुक किंवा भारक्षमता कोरलेला, चासीला बोल्टने बांधलेला हुक आणि तसाच डी-शॅकल वापरावा. स्किड प्लेटच्या भोकात पट्टा अडकवणे हेही याच सदरात मोडते.

२२. पावडर कोटिंग करावे की साधा रंग?

खाली राहणाऱ्या प्लेटला साधा रंग. पावडर कोटिंग दिसते सुरेख, पण दगडाने टवका उडाला की गंज त्याच्या थराखालून पसरतो आणि घरी त्याची डागडुजी होत नाही. पपडी पूर्ण घासून, थिनरने पुसून, त्याच दिवशी प्रायमर मारावा, कारण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडे लोखंड रात्रीतून तांबूस होते. मे महिन्यात दुपारी उन्हात रंगवू नये. रंग वरून सुकतो आणि आत ओला राहतो. स्लायडरला मात्र पावडर कोटिंग शोभते आणि टिकतेही.

२३. प्लेट बसवल्यापासून विशिष्ट वेगाला गुणगुण येते. काय करावे?

प्लेट एखाद्या ठिकाणी टेकते आहे किंवा मधला मोठा सपाट भाग कंप पावतो आहे. आधी बोल्ट पुन्हा आवळावेत. नव्या प्लेटचे बोल्ट पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा आवळावेच लागतात. नंतर ठेप्यांवर ५ मि.मी.चे रबर घालून पाहावे. तरीही आवाज राहिला तर मध्यभागी आतून एक अँगल लांबीत वेल्ड करावा. घडी द्यायची राहिली असेल (प्रश्न ४) तर तिचे काम तो अँगल करतो.

२४. दगडावर टेकून प्लेट वाकली. ठोकून सरळ करावी की नवी बनवावी?

पोलादाची प्लेट उतरवून, उलटी टाकून ठोकावी. दोन-तीनदा सरळ होते. त्याआधी घड्यांच्या कडा आणि वेल्डशेजारचा भाग तारेच्या ब्रशने घासून भेगा शोधाव्यात. घडीवर भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मि.मी.चे भोक पाडून मगच वेल्ड करावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. बोल्टची भोके लांबलेली दिसली तर तो बोल्ट ताणला गेलेला आहे असे समजून बदलावा, आणि चासीवरचे त्याच जागचे आटेही तपासावेत.